फंक्शनच्या पॅरामीटरवर टाइपचे बंधन किती घट्ट असावे?

खाडीपलीकडे, रत्नागिरी

नमस्कार. भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची काढणारी एक लहान लायब्ररी मी आणि माझा एक मित्र ज्युलिया भाषेत लिहीत आहोत. तिचे मुख्य फंक्शन साधे आहे. त्याला वेळ द्यायची आणि त्या बंदराच्या भरतीघटकांचे (ज्यांची बेरीज म्हणजे भरती, त्या चंद्र-सूर्याच्या लाटांचे) आयाम, फेज व ताशी गती द्यायची; प्रत्येक घटकाच्या कोसाइनची बेरीज करून ते उंची परत देते. जोडीला गंमत म्हणून आपल्याकडचा जुना ठोकताळाही एका फंक्शनात बसवला आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा.

मित्राने परवा सगळ्या पॅरामीटरांवर, म्हणजे फंक्शनला द्यायच्या किमतींवर, टाइपची (किमतीच्या प्रकाराची) बंधने घातली. वेळ फ्लोट६४ (६४ बिटांची दशांश संख्या) असावी, आयाम फ्लोट६४चा व्हेक्टर (एकरांगी यादी) असावा, फेजही तसाच असावा. त्याची कारणे तीन आहेत: कोड वेगाने चालतो, चुकीची किंमत दारातच अडते, आणि फंक्शन काय मागते ते वाचणाऱ्याला कळते. त्याआधी एकाही पॅरामीटरवर काहीच लिहिलेले नव्हते आणि काम अडत नव्हते. आता वेळ म्हणून नुसते ५ दिले तर अशी मेथडच (त्या टाइपासाठी लिहिलेली फंक्शनची आवृत्तीच) नाही असा एरर येतो आणि ५.० लिहिले की तेच फंक्शन निमूट चालते.

बंधन असावे की नसावे, आणि असावे तर कोणत्या पायरीवर थांबावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. इतर भाषांतला अनुभवही अवश्य लिहावा.

सुरंगी, वेंगुर्ले

तुमच्या मित्राचे पहिले कारण आधी बाजूला काढू या, कारण ते ज्युलियात लागूच होत नाही. फंक्शनला प्रत्यक्षात जे टाइप मिळतात त्यांच्यासाठी ज्युलियाचा कंपायलर स्वतंत्र मशीन कोड तयार करतो. पॅरामीटरवर फ्लोट६४ लिहिले काय किंवा काहीच लिहिले नाही काय, फ्लोट६४ दिल्यावर तयार होणारा कोड तोच असतो. भाषेच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही हे स्पष्ट म्हटलेले आहे. वेगाला खरोखर बाधा येते ती स्ट्रक्टच्या (अनेक किमती एकत्र ठेवणाऱ्या रचनेच्या) फील्डवर ‘रिअल’सारखा अमूर्त, म्हणजे अनेक टाइपांना सामावणारा, टाइप लिहिल्याने. बरेच जण ती सूचना वाचून फंक्शनच्या पॅरामीटरवर लागू करतात, आणि हा गैरसमज तिथूनच पसरतो.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. एखादे फंक्शन पॅरामीटर म्हणून आले आणि आपण ते स्वतः न वापरता फक्त पुढच्या फंक्शनकडे सोपवले, तर कंपायलर त्याच्यासाठी खास कोड करण्याचे टाळतो. तिथे टाइप-पॅरामीटर लिहून त्याला भाग पाडता येते. तुमच्या बेरजेत तसे काही दिसत नाही.

टाइपशिवाय, अलिबाग

मी वर्षानुवर्षे पायथॉनमध्ये काम करतो आणि माझे मत सरळ आहे: बंधन लिहू नये, चाचण्या लिहाव्यात. पायथॉनमध्ये पॅरामीटरला टिपण जोडण्याची सोय २००८ साली ३.० आवृत्तीत आली आणि त्या टिपणांना टाइपचा ठरलेला अर्थ २०१५ साली ३.५ मध्ये मिळाला. पण आजही कार्यक्रम चालताना इंटरप्रिटर त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. ‘इंट’ लिहिलेल्या जागी स्ट्रिंग दिली तरी ती आत जाते. असे असूनही जगातली एवढी कामे पायथॉनवर चालतात, याचा अर्थ पॅरामीटरवरचे बंधन ही सोय आहे, गरज नाही.

कुळीथपिठी, कुडाळ

आमच्याकडे लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहितात, तो गो भाषेतला ‘एनी’, म्हणजे काहीही चालेल असा टाइप, समजावा. पत्रिका लिहिणारा मोकळा होतो. पंगतीला किती पाने मांडायची याची चिंता आचाऱ्याने करायची असते.

केतकी_वन, गुहागर

@टाइपशिवाय, इंटरप्रिटर पाहत नाही हे खरे असले तरी कोड चालवण्याआधी तपासणारे मायपायसारखे साधन पाहते, आणि मोठ्या कामांत ते रोज चालवले जाते. माझी तक्रार वेगळी आहे. तपासणी लावूनही बंधन हवे ते अडवीलच असे नाही.

आमच्या एका फंक्शनला बंदरांच्या नावांची यादी लागते. पॅरामीटरवर ‘स्ट्रिंगांचा सीक्वेन्स’ असे लिहिले होते, म्हणजे लिस्ट द्या किंवा टपल द्या, दोन्ही चालावे. एका सहकाऱ्याने यादीऐवजी नुसते “रत्नागिरी” दिले. तपासणीत काहीही अडले नाही, कारण पायथॉनमध्ये स्ट्रिंग हीदेखील स्ट्रिंगांचा सीक्वेन्सच असते. फंक्शनने निमूटपणे र, त, हलन्ताचे चिन्ह, न, काना, ग, पहिली वेलांटी, र आणि दुसरी वेलांटी अशा ९ ‘बंदरांची’ माहिती शोधली आणि एकही सापडले नाही म्हणून रिकामे उत्तर परत दिले. एरर आला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. त्या पॅरामीटरवर फक्त लिस्ट मागितली असती तर तपासणीने हे पकडले असते, पण मग टपलही नाकारला गेला असता.

थोडक्यात, बंधन सैल केले की नको ते आत येते आणि घट्ट केले की हवे तेही बाहेर राहते. प्रत्येक पॅरामीटरचा वेगळा विचार करण्याला पर्याय नाही.

भरपावसात, चिपळूण

वेलांटीचे बंदर नेमके कोणत्या तालुक्यात येते, हे कोणी कळवल्यास आभारी राहीन.

सुरंगी, वेंगुर्ले

केतकीताईंनी मूळ मुद्द्याला हात घातला आहे. आता मित्राचे दुसरे कारण पाहू. ‘चुकीची किंमत दारातच अडते’ असे म्हणताना चुकीची म्हणजे काय ते आधी ठरवावे लागते. फ्लोट६४ या बंधनाने प्रत्यक्षात काय काय अडते ते पाहा.

पहिले, पूर्णांक ५ अडतो, आणि तो चुकीचा नाही. दुसरे, तुमचा तिथीचा ठोकताळा. पाऊणपट म्हणजे तीन चतुर्थांश; ज्युलियात अपूर्णांक जसाच्या तसा ठेवता येतो आणि पंचमीला उत्तर नेमके पंधरा चतुर्थांश येते. ते ‘रॅशनल’ टाइपचे असते, म्हणून तुमच्याच लायब्ररीतल्या एका फंक्शनचे उत्तर दुसऱ्या फंक्शनला वेळ म्हणून देता येणार नाही. तिसरे नुकसान सर्वांत मोठे आहे. भरतीची नेमकी वेळ काढायची म्हणजे उंचीचा बदलदर जिथे शून्य होतो ती वेळ शोधायची. त्यासाठी फॉरवर्डडिफ ही लायब्ररी वापरली तर ती तुमच्या फंक्शनला साधी संख्या देत नाही. किंमत आणि तिचा बदलदर एकत्र बाळगणारी ‘ड्युअल’ संख्या देते. ड्युअल हा ‘रिअल’चा उपप्रकार आहे, फ्लोट६४चा नाही आणि ‘ॲबस्ट्रॅक्टफ्लोट’चाही नाही. म्हणजे जे काम तुमच्या फंक्शनकडून फुकट करून घेता आले असते, ते या एका शब्दाने बंद होते.

व्हेक्टरच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. ‘रिअलचा व्हेक्टर’ असे बंधन लिहिले तर फ्लोट६४चा व्हेक्टरसुद्धा नाकारला जातो. रिअलच्या व्हेक्टरमध्ये पूर्णांकही ठेवता येतो आणि अपूर्णांकही. फ्लोट६४च्या व्हेक्टरमध्ये तसे करता येत नाही, आणि मेमरीतली त्यांची मांडणीही निराळी असते. त्यामुळे पहिल्याच्या जागी दुसरा चालत नाही. ‘रिअलच्या कोणत्याही उपप्रकाराचा व्हेक्टर’ असे लिहावे लागते. त्यातही व्हेक्टरऐवजी ‘ॲबस्ट्रॅक्टव्हेक्टर’ लिहिले तर रेंज आणि मोठ्या ॲरेचा एखादा भाग हेही स्वीकारले जातात.

रापण, मालवण

मी मच्छीमार बांधवांसाठी खाडीच्या तोंडावरचे पाणी दाखवणारे ॲप लिहितो, म्हणून व्यवहाराच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो. दोन्हींत संख्येचा टाइप अगदी बरोबर असतो आणि तरीही उत्तर धोक्याचे येते.

पहिली गोष्ट वेळेची. घटकांचे फेज कधी ग्रिनिच वेळेला धरून दिलेले असतात, कधी स्थानिक वेळेला. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. चंद्राच्या मुख्य घटकाची, म्हणजे एम२ची, गती ताशी २८.९८४ अंश आहे. साडेपाच तासांची गल्लत झाली की फेज सुमारे १५९ अंशांनी सरकतो. सूर्याच्या एस२ घटकाची गती ताशी ३० अंश, तो १६५ अंशांनी सरकतो. १८० अंश म्हणजे पूर्ण उलट. म्हणजे प्रत्यक्षात सुकती लागलेली असते त्या सुमारास स्क्रीनवर भरती दिसते. आलेख सुरेख असतो, उंचीचे आकडे पटण्याजोगे असतात, फक्त ट्रॉलर वाळूच्या दांड्यावर बसतो. फ्लोट६४, रिअल किंवा काहीच न लिहिणे, यांपैकी एकही ही गल्लत पकडत नाही. ज्युलियाचा डेटटाइमही पकडत नाही, कारण तो वेळक्षेत्र बाळगत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. आमचे जुने तांडेल आजही खोली वावांत सांगतात. नकाशातला फॅदम म्हणजे सहा फूट, १.८२८८ मीटर, आपला वावही दोन्ही हातांच्या पसाऱ्याचा, म्हणजे त्याच्या आसपासचा. दोन वाव खोली आणि दीड मीटर भरती यांची नुसती बेरीज केली तर साडेतीन येते, प्रत्यक्षात पाणी पाच मीटरच्या वर असते. ही चूक निदान सुरक्षित बाजूची आहे. उलट घडले, म्हणजे तीन मीटरला तीन वाव समजले, तर नसलेले अडीच मीटर पाणी कागदावर उगवते. १९९९ साली मंगळाकडे गेलेले नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर असेच गमावले गेले: एका बाजूचे आकडे पाउंड-सेकंदांत होते आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती.

माझ्या मते पॅरामीटरवर बंधन घालायचेच असेल तर ते इथे घालावे. ‘स्थानिक वेळ’ आणि ‘ग्रिनिच वेळ’ असे दोन टाइप करावेत, ‘मीटर’ आणि ‘वाव’ असे दोन टाइप करावेत, आणि फंक्शनने त्यांतला नेमका एक मागावा. संख्या ६४ बिटांची आहे की ३२ बिटांची याने कोणाची होडी बुडत नाही.

कुळीथपिठी, कुडाळ

रापण यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि या वेळी गंभीरपणे लिहितो. गो भाषेत ‘मीटर’ हा फ्लोट६४वर आधारलेला नवा टाइप एका ओळीत करता येतो आणि मग मीटरच्या जागी वाव दिला तर कंपाइलच होत नाही. एक पळवाट मात्र उरते: नुसता आकडा ५ थेट लिहिला तर तो दोन्हींकडे चालतो, कारण अशा स्थिरांकाला स्वतःचा टाइप नसतो.

जेनेरिक, म्हणजे अनेक टाइपांवर चालणारे, फंक्शन गोमध्ये मार्च २०२२ मध्ये १.१८ आवृत्तीबरोबर आले. त्याच्या बंधनात फक्त ‘फ्लोट६४’ लिहिले तर तुमचा मीटर नाकारला जातो, कारण तो वेगळा टाइप ठरतो. आधी नागमोडी चिन्ह लावले की ‘ज्याचा पाया फ्लोट६४ आहे असा कोणताही टाइप’ असा अर्थ होतो आणि मीटर चालतो. नव्याने गो शिकणारे बरेच जण या चिन्हापाशी अडखळतात.

फोंडाघाट, कणकवली

चर्चेत एक भेद अजून आलेला नाही. बंधन दोन बाजूंना बांधते. हाक मारणाऱ्याने काय द्यावे हे ते सांगते, आणि फंक्शनच्या आतल्या कोडने कशावर विसंबावे हेही सांगू शकते. रस्टमध्ये दुसरी बाजू सक्तीची आहे. जेनेरिक पॅरामीटरवर ‘तुलना करता येते’ एवढेच बंधन असेल तर आत बेरीज करता येत नाही. फंक्शन कोणी वापरलेले नसले तरी कंपायलर लिहितानाच अडवतो. सी++मध्ये २०२० च्या मानकात ‘कन्सेप्ट’, म्हणजे टेम्प्लेटवर (तिथल्या जेनेरिक कोडवर) घालायची बंधने, आले, पण ते वापरण्याच्या जागीच तपासले जातात. टेम्प्लेटचा गाभा बंधनाबाहेरचे काही वापरतो का, हे लिहिताना तपासले जात नाही. तरीही पानेच्या पाने भरणारे एरर त्यांमुळे पुष्कळ आटोपशीर झाले, हे मान्य केले पाहिजे. हीच कल्पना आधीच्या मानकाच्या मसुद्यात होती आणि २००९ साली ती वगळली गेली. पुढची कित्येक वर्षे सी++वाल्यांनी ते एरर वाचण्यात घालवली.

आता भरतीचे उदाहरण घ्या. दिवसातल्या सर्वांत मोठ्या उंचीसाठी रस्टच्या इटरेटरवर सरळ ‘मॅक्स’ मागितले तर एफ६४ (रस्टमधला फ्लोट६४) स्वीकारलाच जात नाही. ‘ऑर्ड’ हे बंधन पूर्ण क्रम मागते, आणि दशांश संख्यांत ‘नॅन’ ही स्वतःशीसुद्धा समान नसलेली किंमत असते. पहिल्यांदा हा आडमुठेपणा वाटतो. पण भरतीमापकाचा संवेदक बंद पडून एखादे वाचन नॅन आले तर ‘सर्वांत मोठी उंची’ म्हणजे काय, हा प्रश्न खरा आहे, आणि तो चालत्या होडीवर पडण्यापेक्षा कोड लिहिताना पडलेला बरा.

टाइपशिवाय, अलिबाग

रापण यांची साडेपाच तासांची गोष्ट मला पटली. पण ती पकडण्यासाठी टाइप कशाला हवा? एखाद्या ज्ञात दिवसाची छापील भरतीवेळ घ्यावी आणि चाचणीत ताडून पाहावी, गल्लत लगेच उघडी पडेल.

रापण, मालवण

@टाइपशिवाय, चाचणी माझ्या फंक्शनची होते, माझे फंक्शन वापरणाऱ्याच्या कोडची होत नाही. लायब्ररी बरोबर असते, चाचणी हिरवी असते, आणि गावातला दुसरा कोणी ग्रिनिच वेळेच्या जागी मोबाइलची वेळ देतो. त्याच्यापर्यंत माझी चाचणी पोहोचत नाही. पॅरामीटरवर लिहिलेला टाइप पोहोचतो.

टाइपशिवाय, अलिबाग

एवढ्यापुरते मान्य करतो. बाकी माझे मत कायम आहे.

जुना_मास्तर, दापोली

तरुण मंडळींची चर्चा आवडली. मी पास्कल शिकवून निवृत्त झालो, म्हणून जरा मागची गोष्ट सांगतो. १९७० साली आलेल्या त्या भाषेत ‘१ ते १५’ असा टाइप सरळ लिहिता येत असे आणि फंक्शनचा पॅरामीटर त्या टाइपचा ठेवता येत असे. १९८३ च्या मानकातल्या एडा भाषेने हे पुढे नेले. मर्यादेबाहेरची किंमत आली तर कार्यक्रम तिथल्या तिथे अपवाद उभा करतो. आजच्या लोकप्रिय भाषांपैकी बहुतेकांत ही सोय अंगभूत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

धागाकर्त्याच्या तिथीच्या फंक्शनकडे कोणी नीट पाहिलेले दिसत नाही. तिथी पूर्णांक असावी असे बंधन घातले तर ०, ४७ आणि उणे ३ याही तिथ्या ठरतात. फ्लोट६४ घातले तर साडेसहावी तिथीही निघते. या पॅरामीटरचे खरे बंधन टाइपच्या नावात नसून मर्यादेत आहे. ज्युलियात तसा टाइप तयार मिळत नसला तरी ‘तिथी’ नावाचे स्ट्रक्ट करून त्याच्या आतल्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ते तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये) मर्यादा तपासता येते. मग फंक्शनने ‘तिथी’ मागावी, आकडा मागू नये. एकदा तिथी तयार झाली की ती वैध आहे हे पुढे कोणालाही पुन्हा तपासावे लागत नाही.

जाता जाता ठोकताळ्याविषयी. चांद्रमासाच्या ३० तिथींत भरतीची वेळ २४ तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणपटीने ४५ मिनिटे धरली जातात. तोंडी हिशेबाला सोपे म्हणून ते ठीक आहे, पण पौर्णिमेला सव्वाअकरा येतात तिथे ४८च्या हिशेबाने बारा यायला हवेत. होडी काढण्यासाठी हे फंक्शन कोणी वापरू नये, अशी सूचना कोडमध्ये ठळक लिहावी.

सुरंगी, वेंगुर्ले

मास्तरांच्या सूचनेला जोडून माझ्याच आधीच्या प्रतिसादाची दुसरी बाजू लिहिते, नाहीतर ‘सैल बंधन नेहमी चांगले’ असा अर्थ निघेल.

ॲबस्ट्रॅक्टव्हेक्टर लिहिल्याने ज्यांचा निर्देशांक एकपासून सुरू होत नाही असे ॲरेही स्वीकारले जातात. तुमच्या कोडमध्ये ‘एकपासून लांबीपर्यंत’ अशी फेरी असेल आणि वेगासाठी मर्यादातपासणी बंद केली असेल, तर असा ॲरे आल्यावर फंक्शन मेमरीतले भलतेच काही वाचून चुकीचे उत्तर देऊ शकते आणि एररही येत नाही. उपाय दोन आहेत: ॲरेलाच त्याचे निर्देशांक विचारून फेरी मारावी, किंवा सुरुवातीलाच ‘एकपासून सुरू होणारा ॲरे हवा’ अशी तपासणी लिहावी. टाइपच्या बंधनाने आत काय येते ते ठरते. आत आल्यावर गाभा काय गृहीत धरतो ते निराळे असते, आणि दोन्ही जुळले पाहिजेत.

असेच दुसरे उदाहरण एककांचे. रापण यांनी सांगितलेले मीटर युनिटफुल लायब्ररीने आणता येतात. पण तिची राशी ही ‘नंबर’चा उपप्रकार आहे, ‘रिअल’चा नाही. म्हणजे ड्युअल चालावा म्हणून लिहिलेले ‘रिअल’ एकक बाळगणाऱ्या संख्येला मात्र बाहेर ठेवते. बंधन काढून टाकले तरी आत बेरीज ०.० पासून सुरू केलेली असेल, तर शून्यात मीटर मिळवता येत नाहीत म्हणून तिथे एरर येतो. म्हणजे पॅरामीटरवर काही न लिहूनही गाभ्याने बंधन घातलेलेच असते, फक्त ते वाचणाऱ्याला दिसत नाही.

शिवाय ज्युलियात पॅरामीटरवरचा टाइप ही केवळ तपासणी नसते. एकाच नावाच्या अनेक मेथडींमधून कोणती चालवायची ते त्यावरून ठरते. एका मेथडीत पहिला पॅरामीटर पूर्णांक आणि दुसरा मोकळा, दुसरीत पहिला मोकळा आणि दुसरा पूर्णांक, असे लिहून दोन्ही जागी पूर्णांक दिले तर भाषा निवड करत नाही, संदिग्धतेचा एरर देते. म्हणून शोभेसाठी बंधने घालू नयेत. वागणूक वेगळी हवी असेल तिथे घालावीत, किंवा चुकीची किंमत गुपचूप चुकीचे उत्तर देणार असेल तिथे.

केतकी_वन, गुहागर

भरतीमापकाची वाचने घेणार असाल तर गहाळ वाचनांचाही विचार करावा. पावसाळ्यात इकडे लाइट गेली की मधले तासच्या तास कोरे राहतात. ज्युलियात गहाळ किंमत ‘मिसिंग’ या स्वतंत्र टाइपची असते आणि ती कोणत्याही संख्येचा उपप्रकार नाही. त्यामुळे ‘रिअलच्या उपप्रकारांचा ॲबस्ट्रॅक्टव्हेक्टर’ असे बंधन अशा यादीला नाकारते. माझ्या मते इथे नाकारणेच योग्य आहे, कारण कोऱ्या जागांचे काय करायचे हा निर्णय बेरीज करणाऱ्या फंक्शनचा नाही.

भरपावसात, चिपळूण

लाइट गेल्याची नोंद ठेवण्यासाठी वेगळा टाइप असलेली भाषा कोकणात खपायला हरकत नाही.

खाडीपलीकडे, रत्नागिरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मित्रालाही हा धागा वाचायला दिला. वेगाचा मुद्दा त्याने सोडला. वाचणाऱ्याला कळावे हा मुद्दा मात्र त्याला अजूनही महत्त्वाचा वाटतो, आणि तो मलाही पटतो. दोघांनी मिळून पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

बाहेरून वापरायच्या फंक्शनला वेळ नुसती संख्या म्हणून मिळणार नाही. ‘स्थानिक वेळ’ आणि ‘ग्रिनिच वेळ’ असे दोन टाइप राहतील, दोन्हींसाठी वेगळ्या मेथडी असतील आणि रूपांतर आत एकाच ठिकाणी होईल. त्या टाइपांच्या आतली संख्या मात्र कोणत्याही प्रकारची चालेल, म्हणजे सुरंगीताईंची ड्युअल संख्याही जाईल. स्ट्रक्टच्या फील्डवर अमूर्त टाइप न लिहिता तो टाइप-पॅरामीटर म्हणून घेऊ, म्हणजे वेगही राहील. आतल्या बेरजेच्या फंक्शनला आयामांची यादी ॲबस्ट्रॅक्टव्हेक्टर म्हणून मिळेल आणि तिच्या घटकांवर ‘नंबर’ एवढेच बंधन राहील, म्हणजे मीटर चालतील आणि गहाळ किंमत अडेल. फेरी ॲरेचे निर्देशांक विचारून फिरेल, आणि बेरीज यादीच्याच टाइपच्या शून्यापासून सुरू होईल.

वावाचा टाइप सध्या करत नाही, कारण तो दोन हातांच्या पसाऱ्यावर ठरतो आणि प्रत्येक तांडेलाचा पसारा निराळा.

तिथीचे स्ट्रक्ट मास्तरांनी सांगितले तसे लिहायला घेतले आणि तिथेच एक शंका आली. मर्यादा १ ते १५ ठेवावी की १ ते ३०? वद्य पक्षाचे काय करावे?

जुना_मास्तर, दापोली

पंचांगात वद्य पक्षाच्या तिथ्या पुन्हा १ पासूनच मोजतात, त्यामुळे १ ते १४ दोन्ही पक्षांत येतात. ठोकताळ्याला पक्षाने फरक पडत नाही, कारण १५ तिथींनंतर वेळ बारा तासांनी सरकून घड्याळाच्या त्याच काट्यावर येते. अडचण फक्त अमावास्येची आहे. पंचांगात ती ३० या आकड्याने लिहितात. पाऊणपट केली तर साडेबावीस, म्हणजे रात्रीचे साडेदहा येतात. पौर्णिमेसारखे सव्वाअकरा यायला हवेत.

सुरंगी, वेंगुर्ले

मग मर्यादा १ ते ३० ठेवू नये, कारण १६ ते २९ हे आकडे पंचांगात येतच नाहीत आणि आले तर देणाऱ्याची मोजण्याची पद्धत वेगळी आहे असे समजावे. कन्स्ट्रक्टरने १ ते १५ आणि ३० एवढेच स्वीकारावेत, ३० आल्यास आत १५ साठवावेत, आणि बाकी सर्वांना स्पष्ट शब्दांत एरर द्यावा. त्या एररमध्ये आलेला आकडाही छापावा, म्हणजे वापरणाऱ्याला शोधत बसावे लागणार नाही.

खाडीपलीकडे, रत्नागिरी

तसेच केले आहे. २३ दिल्यावर आता ‘तिथी १ ते १५ किंवा ३० असावी, मिळाली २३’ असा एरर येतो. मित्राचे म्हणणे आहे की पौर्णिमा आणि अमावास्या आत एकच झाल्या तर पुढे उधाणाच्या फंक्शनला पक्ष लागेल तेव्हा माहिती हरवलेली असेल. उधाण दोन्हींना येते हे त्याला सांगून पाहिले, पण तो म्हणतो की पक्षाचे फील्ड आताच ठेवावे. मास्तर, आपले मत कळवावे.

जुना_मास्तर, दापोली

मित्राचे ऐकावे. फील्ड ठेवावे, आणि ठोकताळ्याच्या फंक्शनने ते वाचू नये.